वहीत नसलेली नोंद

गेल्या भाद्रपदात दशलक्षण पर्वानिमित्त आमच्या गावच्या मंदिराच्या सभागृहात व्याख्यानमाला योजली होती. उत्तम सत्य धर्माच्या दिवशी सायंकाळी माझे व्याख्यान ठेवावे असे मंडळाच्या तरुण कार्यकर्त्यांनी ठरविले आणि विषयही त्यांनीच दिला : 'देशाची वाढती लोकसंख्या आणि समाजाची घटती संख्या'. मी काही लोकसंख्येचा अभ्यासक नव्हे. पन्नास वर्षे गूळ आणि धान्याच्या आडतीच्या गादीवर बसलेला मनुष्य. परंतु आकड्यांशी माझे जुने सख्य आहे आणि निवृत्तीनंतर वाचनास वेळही पुष्कळ मिळतो, हे त्या मंडळींस ठाऊक होते. मी होकार दिला. त्या होकाराने मला कोठवर नेले, ते आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

तयारीस बसलो तेव्हा प्रथम आठवली ती आजोबांची वही. लाल कापडाच्या बांधणीची, लांबट, दोऱ्याने शिवलेली. पुढच्या पानांवर गुळाच्या ढेपा, ज्वारीची पोती, हमाली, तोलाई आणि कुळांची उधारी. शेवटच्या चार पानांत मात्र घराचा हिशेब. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. घरात मूल जन्मले की आजोबा ते जमेस धरीत आणि कोणी निवर्तले की नावे टाकीत. शब्द मोजके : तिथी, नाव आणि ठाऊक असल्यास कारण.

या चार पानांत आजोबांची नऊ अपत्ये जमेस आहेत आणि पाच नावे. पहिली दोन मुले १९१८ च्या कार्तिकात एकाच आठवड्यात गेली. कारणापुढे एकच शब्द आहे, 'मानमोडी'. एक मूल देवीने गेले, एक धनुर्वाताने जन्मानंतर आठव्या दिवशी, आणि एकाच्या नोंदीपुढे कारणच नाही. चार वाढली : माझे वडील, काका आणि दोन आत्या. नऊ जमा, पाच नावे, शिल्लक चार. लहानपणी ही पाने मी उलटली होती; पण ती एका घराची नसून एका देशाची कीर्द आहे, हे या वयात कळले.

लोकसंख्याशास्त्रात 'नैसर्गिक वाढ' म्हणतात ती हीच शिल्लक. दर हजार लोकांमागे वर्षभरात किती जन्मले, त्यांतून किती गेले ते वजा करावयाचे. बाहेरून आलेले आणि बाहेर गेलेले यांचा हिशेब निराळा. आजोबांच्या तरुणपणी आपल्या देशात जमेची बाजू मोठी होती आणि नावेची बाजूही जवळजवळ तितकीच. आजच्या भारताच्या भूभागापुरते पाहिले तर १९११ साली लोकसंख्या २५ कोटी २० लाखांच्या घरात होती. १९२१ साली ती वाढण्याऐवजी सुमारे आठ लाखांनी घटलेली आढळली. प्लेग, दुष्काळ आणि त्यांवर कडी करणारी १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ, जिला आपल्याकडे मानमोडी म्हणत. जनगणनेच्या इतिहासात घट दाखविणारे ते अखेरचे दशक. माझ्या आजोबांच्या वहीतील ती दोन लहान नावे त्या घटीत मोजली गेलेली असणार.

पुढची पाने वडिलांच्या हातची आहेत. आम्ही सात भावंडे जन्मलो, त्यांतील एक गेले, सहा राहिलो. जमेची बाजू आजोबांच्या मानाने फारशी आखडली नव्हती. आखडली ती नावेची बाजू. देवीची लस खेड्यापर्यंत पोहोचली, १९५३ साली हिवतापाविरुद्ध देशव्यापी मोहीम सुरू झाली, प्रतिजैविके आली, दुष्काळात धान्य पोहोचविण्याची व्यवस्था झाली. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते ७० च्या आसपास आहे. मृत्यू आधी आवरले आणि जन्म आवरण्यास दोन पिढ्या लागल्या. मधल्या काळातील हे अंतर हीच विकसनशील देशाच्या लोकसंख्यावाढीची सारी गोष्ट आहे. लोकांना अधिक मुले होऊ लागली म्हणून देश वाढला, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः झालेली मुले जगू लागली म्हणून तो वाढला.

आकडे पाहा. १९५१ साली आपण ३६ कोटी होतो, १९७१ साली ५४ कोटी ८० लाख, २०११ साली १२१ कोटी. १९६१ ते १९७१ या दशकात वाढ सर्वाधिक, म्हणजे जवळजवळ २५ टक्के होती. १९७१ साली दर हजारी जन्म ३६.९ आणि मृत्यू १४.९, नैसर्गिक वाढ हजारी २२. २०२० साली जन्म १९.५ आणि मृत्यू ६. वाढ हजारी साडेतेरा. एका स्त्रीस सरासरी किती अपत्ये होतात, याला एकूण प्रजनन दर म्हणतात. १९७१ साली तो ५.२ होता, २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तो २.० आढळला. आईबापांची जागा पुढच्या पिढीने भरून काढण्यास साधारण २.१ लागतो. म्हणजे 'देशात मुलांचा पूर आला आहे' हे वाक्य आता जुने झाले. बिहारमध्ये हा दर अजून ३ च्या जवळ आहे. पण महाराष्ट्रात तो १.७ आणि केरळात १.८ आहे.

मग लोकसंख्या अजून वाढते कशी, असे माझ्या नातीने मला विचारले होते. तिला मी पेढीवरचे उत्तर दिले. मुद्दल मोठे असले म्हणजे व्याजाचा दर उतरला तरी व्याजाची रक्कम मोठीच राहते. १९९१ ते २००१ या दशकात वाढीचा दर साडेएकवीस टक्के होता, पुढच्या दशकात तो १७.७ टक्क्यांवर आला. तरी दोन्ही दशकांत देशात भर पडली ती सुमारे अठरा-अठरा कोटींचीच. मागच्या पिढीत जन्मलेल्या मुली आज आई होण्याच्या वयाच्या आहेत आणि त्यांची संख्या फार मोठी आहे. प्रत्येकीस दोनच मुले झाली तरी पाळणे पुष्कळ हलणार. हा जुना वेग ओसरण्यास काही दशके लागतील.

येथवर माझे टिपण झरझर पुढे सरकले. आता समाजाकडे वळलो. २०११ च्या जनगणनेत जैनांची संख्या ४४ लाख ५१ हजार, देशाच्या ०.३७ टक्के. त्यांतील १४ लाख, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा, एकट्या महाराष्ट्रात. २००१ ते २०११ या दशकात देश १७.७ टक्क्यांनी वाढला, आपण ५.४ टक्क्यांनी. त्याआधीच्या दशकात आपली वाढ २६ टक्के दिसते. परंतु ती पाळण्यांतून आलेली नसावी. धर्माच्या रकान्यात 'जैन' असे आवर्जून लिहिण्याची जाणीव त्या काळात वाढली, हे तिचे अधिक संभवनीय कारण. कुटुंब आरोग्य पाहणीत जैन स्त्रियांचा प्रजनन दर २०१५-१६ साली १.२ आणि २०१९-२१ साली १.६ आढळला. आपली संख्या लहान, त्यामुळे पाहणीतील नमुनाही लहान. या दोन आकड्यांतील चढउतारावर फार विसंबू नये. दोन्ही आकडे २.१ च्या खाली आहेत, एवढे मात्र निश्चित. पारशी समाजाचे उदाहरणही मी टिपून ठेवले. २००१ साली ६९,६०१ असलेला तो समाज २०११ साली ५७,२६४ वर आला आणि २०१३ साली केंद्र सरकारला 'जियो पारसी' नावाची योजना काढावी लागली.

या साऱ्याचा उपसंहार मी मोठ्या आवेशाने लिहिला. 'आजच्या तरुण दांपत्यांनी एका अपत्यावर न थांबता तीन अपत्यांचा विचार करावा. अन्यथा मंदिरे राहतील, पण पूजा करणारे हात राहणार नाहीत.' वाक्य मलाच फार आवडले. मनात कोठेतरी आमची सूनही होती. मुलगा आणि सून पुण्यात नोकरी करतात; त्यांना एकच कन्या आहे, नऊ वर्षांची. दुसऱ्या अपत्याचा विषय मी आजवर तीन-चार वेळा सूचित केला होता. सूनबाई प्रत्येक वेळी 'बघू बाबा' म्हणून चहाचे कप उचलून आत जात असे.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी, सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपल्यावर, सगळे टिपण मी पत्नीस वाचून दाखविले. ती शेंगा सोलीत बसली होती. तिने शेवटपर्यंत मान वर केली नाही. मी थांबलो, कसे वाटले म्हणून विचारले. ती म्हणाली, "आकडे चांगले जमवलेत." मग थोड्या वेळाने, शेंगांकडे पाहतच, "अहो, पण या हिशेबात आपली ती कुठे धरलीत?"

मला कळले नाही असे मी म्हणणार नाही. एका क्षणात कळले. एकोणचाळीस वर्षांत तो विषय आमच्या घरात कोणी काढला नव्हता.

आम्हांस थोरली मुलगी १९८० साली झाली, धाकटी १९८३ साली. १९८६ साली पत्नीस पुन्हा दिवस गेले. त्या काळी शहरात गर्भजल परीक्षा होऊ लागली होती. पेढीस वारस हवा, दोन मुली आहेतच, तिसरीही मुलगीच झाली तर काय, असे घरात बोलणे सुरू झाले. आई बोलली, वडील गप्प राहिले, आणि मी गाडी ठरविली. पत्नीस कोणी विचारले नाही. तिनेही नको म्हटले नाही, असे मी पुढे कित्येक वर्षे स्वतःस सांगत आलो. परीक्षेत मुलगी असल्याचे कळले. चार दिवसांनी आम्ही परत आलो ते तिला वगळून. येताना पत्नी एक अक्षर बोलली नाही आणि मी वाटेत बाजारभावाची चौकशी करण्यास एके ठिकाणी गाडी थांबविली, हे मला स्पष्ट आठवते.

अशा परीक्षांस आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, देशात तो पहिलाच. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला. म्हणजे कायदा दोन वर्षांनी आला. अहिंसाणुव्रत मात्र आधीपासून होते. पाणी गाळून पिणारे, रात्री दिवा लावताना पतंग जळेल म्हणून जपणारे आमचे घर; त्या घराने हे केले. १९८८ साली मुलगा झाला. गावात पेढे वाटले. वहीत त्याची नोंद वडिलांनी ठळक अक्षरात केली. त्याच्या वरच्या ओळीत काहीच नाही.

त्या रात्री झोप लागेना, म्हणून उठून पुन्हा जनगणनेचे आकडे उघडले. या वेळी ज्या रकान्याकडे मी टिपण काढताना डोळेझाक केली होती तोच पाहिला. शून्य ते सहा वर्षे वयाच्या दर हजार मुलांमागे मुली किती. २००१ साली देशात ९२७ आणि जैनांत ८७०. २०११ साली देशात ९१८ आणि जैनांत ८८९. निसर्गाच्या चालीने हा आकडा ९५० च्या आसपास असावा लागतो. साक्षरतेत आपण देशात प्रथम, सुमारे ९५ टक्के. सुबत्ता आहे, दवाखाने जवळ आहेत, मुलींना शिकविण्यात आपण मागे नाही. तरीही हजारी साठ-सत्तर, कोठे ऐंशी मुली कमी. गरिबीने आणि अज्ञानाने असे होते, हे कारण आपल्याला देता येत नाही. आपल्याकडे ते पैशाने आणि शिक्षणाने झाले. परीक्षेचा खर्च परवडत होता म्हणून झाले.

आणि मग व्यापाऱ्याच्या बुद्धीस जे प्रथमच दिसावयास हवे होते ते दिसले. समाजाची पुढील वाढ मोजताना शास्त्रज्ञ मुलांची संख्या जमेस धरीतच नाहीत. एका स्त्रीमागे किती मुली जन्मतात आणि त्यांतील किती स्वतः आई होण्याच्या वयापर्यंत जगतात, एवढेच ते पाहतात. त्यास निव्वळ पुनरुत्पादन दर म्हणतात. तो एकाच्या खाली गेला की पिढी आटू लागते. म्हणजे आजच्या मुली हेच उद्याच्या समाजाचे मुद्दल. पेढीला वारस हवा म्हणून ज्यांनी मुली नाकारल्या त्यांनी व्याजाच्या लोभाने मुद्दलच मोडले. २००१ साली सहा वर्षांच्या आत असलेली ती मुले आज पंचविशी-तिशीत आहेत. वधू-वर परिचय मेळाव्यांत मुलांच्या पुस्तिका जाड आणि मुलींच्या पातळ का असतात, याबद्दल आपण मुलींच्या अपेक्षांना बोल लावतो. त्या अपेक्षांचा भाग असेलही. पण ज्या मुली जन्मलेल्याच नाहीत त्या मेळाव्यास येणार कशा?

आणखी एक गोष्ट आठवली. १९७६ साली आणीबाणीत महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही. त्या वेळी माझे वडील संतापाने म्हणाले होते, "घरात किती पाने वाढायची हे आता मामलेदार ठरवणार काय?" जन्म कमी व्हावेत म्हणून सरकारने दंडुका उगारला तेव्हा आम्हांस तो अन्याय वाटला. मग पूर्वी 'आणखी मुलगी नको' म्हणून आणि आता 'तीन तरी हवीत' म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी सुनेच्या उदरावर हुकूम चालविणे, हे काय निराळे? या देशातील जन्मदर खाली आला तो प्रामुख्याने मुली शिकल्या, लग्नाचे वय वाढले आणि जन्मलेले मूल जगेल असा भरवसा आला म्हणून. तो पुन्हा थोडा वर यावयाचा असेल तर तोही आईच्या मनाला भरवसा वाटला तरच येईल.

दुसऱ्या दिवशी व्याख्यान झाले. 'तीन अपत्यां'चे वाक्य मी काढून टाकले. बालिकांचे प्रमाण सांगितले, मुद्दल-व्याजाचा दृष्टान्त दिला. सभागृह शांत होते. पुढच्या रांगेतील काही वृद्ध स्त्रियांनी पदराने डोळे टिपले. शेवटी टाळ्याही पडल्या. परंतु साऱ्या व्याख्यानात मी 'समाजाने असे केले' म्हणालो, 'मी केले' असे म्हणालो नाही. उत्तम सत्याच्या दिवशी मी अर्धेच सत्य बोललो. व्यासपीठावरून उतरताना पत्नीकडे पाहिले; ती स्त्रियांच्या बाजूस शेवटच्या रांगेत बसली होती. घरी येताना तिने एवढेच विचारले, "दमलात का?"

पर्व संपले, क्षमावाणीचा दिवस आला. मंदिरात सर्वांनी एकमेकांस हात जोडले. दरवर्षी तिला आणि तिने मला 'उत्तम क्षमा' म्हणण्याचा आमचा परिपाठ आहे. त्यात सवयीपलीकडे फारसे काही नसते. या वेळी घरी आल्यावर मी तिच्यासमोर बसलो आणि कोणत्या गोष्टीबद्दल क्षमा मागतो आहे ते तिथी-सालासह सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मी पण नाही म्हणाले नव्हते. पण मला कुणी विचारलं असतं तर म्हणाले असते." तिने क्षमा केली की नाही हे मी विचारले नाही. ते विचारण्याचा माझा अधिकार नव्हे.

त्याच आठवड्यात थोरली मुलगी माहेरी आली होती. ती सनदी लेखापाल आहे. ज्या वारसासाठी एवढे केले त्या मुलाने पेढी चालविली नाही, त्यात त्याचा दोष नाही, पण शेवटच्या दहा वर्षांचे पेढीचे सारे हिशेब या मुलीनेच पाहिले आणि गाळा भाड्याने देतानाची कागदपत्रेही तिनेच केली. तिच्यासमोर मी ती लाल वही उघडली आणि सर्व सांगितले. तिला काही अंशी ठाऊक होते. मुलींना आपण समजतो त्याहून पुष्कळ ठाऊक असते. १९८६ ची नोंद करावयाची म्हटले तर ती जमेस करावी की नावे, असा मला प्रश्न पडला. जन्म नाही, म्हणून जमा नाही. जमाच नाही तर नावे कसे टाकावे? मुलीने माझ्या हातून लेखणी घेतली, पानाच्या मधोमध, दोन्ही रकान्यांच्या रेघेवर साल लिहिले आणि पुढे 'एक बहीण' असे लिहिले. पत्नी दारात उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, "आता लिहायचं असेल तर लिहा मासिकात. माझं नाव मात्र घालू नका." म्हणून हा लेख.

२०२१ साली व्हावयाची जनगणना लांबली. आता १ मार्च २०२७ ही तिची संदर्भतिथी ठरली आहे. प्रगणक दारी येतील तेव्हा धर्माच्या रकान्यात 'जैन' लिहा, असे आवाहन ठिकठिकाणी होईल, आणि ते योग्यच आहे. पण त्याच वेळी आपल्या घरात शून्य ते सहा वयाच्या किती मुली मोजल्या जातात, हेही पाहू या. संख्या वाढावी अशी ज्यांची तळमळ आहे त्यांनी सुनांना आकडे ऐकविण्याऐवजी नोकरी-व्यवसाय करणाऱ्या आईचे मूल सांभाळण्याची सोय मंदिराच्या आवारात होते का, दुसऱ्या बाळंतपणात तिच्या मदतीला कोण उभे राहील, आणि मुलगी झाली तर त्या घरी तितक्याच उत्साहाने पेढे वाटले जातील काय, याचा विचार करावा.

दिवाळीत सूनबाई आली तेव्हा तिलाही मी हे सांगितले आणि दुसऱ्या अपत्याविषयी यापुढे कधी बोलणार नाही असे वचन दिले. ती 'बघू बाबा' म्हणाली नाही. ती तेथेच बसून राहिली, आणि त्या दिवशी चहाचे कप मी आत नेऊन ठेवले.